सायकल, शाळा आणि गावचा रस्ता

गावातील मुलगी आठवी उत्तीर्ण झाली म्हणजे तिच्या घरी अभ्यासाच्या आधी अंतराचा प्रश्न निघतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये संमत झाला. त्यासंबंधीच्या २०१० च्या केंद्रीय नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, अशी मर्यादा घालून दिली. माध्यमिक शाळेच्या बाबतीत, २००९ मध्येच सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने ५ किलोमीटरचे उद्दिष्ट ठेविले होते. म्हणजे मुलगी आठवीतून नववीत गेली की जाताना दोन आणि येताना दोन किलोमीटरची भर पडण्याची शक्यता सरकारी आराखड्यातच गृहीत धरलेली आहे. मुलीच्या वयाबरोबर आईवडिलांची काळजीही ज्या घरात वाढत असते, त्या घरात हे अंतर नकाशावर दिसते त्याहून पुष्कळ मोठे होते. मुलीचे नाव पटावरून कमी होते आणि कारणाच्या रकान्यात ‘घरकाम’ असे लिहिले जाते.

पायी चालणारा मनुष्य तासाला ४ ते ५ किलोमीटर चालतो. पाच किलोमीटरवरील शाळेस जाऊन येण्यास त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. साधी, गिअर नसलेली सायकल सपाट रस्त्यावर तासाला १२ ते १५ किलोमीटर सहज जाते; त्यामुळे तीच वाट वीस-पंचवीस मिनिटांत सरते. याची दुसरी बाजू अधिक विचार करण्यासारखी आहे. तितक्याच वेळात तिप्पट अंतर जाता आले, तर गावाभोवती जे वर्तुळ आपण कल्पितो त्याची त्रिज्या तिप्पट आणि क्षेत्रफळ नऊपट होते. त्या नऊपट क्षेत्रात शाळा असते, आरोग्य केंद्र असते, बँक असते, आठवड्याचा बाजार असतो. गणिताच्या शिक्षकांनी वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडल्यास मुलांना ते सूत्र अधिक काळ लक्षात राहील.

हा हिशेब निरनिराळ्या राज्यांनी ओळखला. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींसाठी मुख्यमंत्री बालिका सायकल योजना आणली. कर्नाटकाने २००६-०७ मध्ये आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्यास आरंभ केला. मध्य प्रदेश व गुजरात येथेही विद्यार्थ्यांना सायकली देण्याच्या योजना निघाल्या. पश्चिम बंगालने २०१५ मध्ये नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सबुज साथी’ योजना सुरू केली. बेळगावपासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत आणि वडोदऱ्यापर्यंत मराठी कुटुंबांतील अनेक मुलामुलींची पहिली सायकल अशा रीतीने शाळेतून आली.

यांपैकी बिहारच्या योजनेचा अभ्यास विशेष काळजीपूर्वक झालेला आहे. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी बिहारमधील मुलींची तुलना तेथील मुलांशी आणि शेजारच्या झारखंडमधील मुलामुलींशी केली. योजनेमुळे योग्य वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्या नोंदणीतील अंतर ४० टक्क्यांनी घटले, असे त्यांना आढळले. हा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आणखी दोन गोष्टी गावकऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्याव्यात अशा आहेत. जेथे माध्यमिक शाळा ३ किलोमीटर वा त्याहून दूर होती, तेथेच योजनेचा बहुतेक परिणाम दिसला. जवळ शाळा असलेल्या गावी सायकल ही सोय होती, दूरच्या गावी ती शाळेची वाट होती. दुसरी गोष्ट अशी की, सायकल एका वेळी एका मुलीला न मिळता वर्गातील सर्व मुलींना मिळाली. त्यामुळे मुली घोळक्याने निघू लागल्या. एकटी मुलगी सायकलवर दिसली तर चार लोक वळून पाहतात. पंधरा मुली रोज त्याच वाटेने जाऊ लागल्या की पंधरवड्यात कोणी मान वर करीत नाही.

मात्र सायकल वाटल्याने सायकलीची सवय लागतेच असे नाही. सायकल घरात असणे आणि ती रोज रस्त्यावर असणे या वेगळ्या गोष्टी होत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. परंतु शेती व घरगुती उद्योग यांखेरीज अन्य काम करणाऱ्यांपैकी सायकलने कामावर जाणारे सुमारे १३ टक्केच होते. शाळेच्या मागील भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हवा गेलेल्या सायकली पाहिल्या म्हणजे या दोन आकड्यांमधील दरी कशी पडते, हे कळू लागते. ट्यूब पंक्चर होते, ती काढण्यास चार किलोमीटरवर जावे लागते, तोवर पावसाळा सुरू होतो, चेन गंजते, आणि वर्षभरातच सायकल अडगळीत जाते.

पूर्वीच्या पिढीत सायकल टिकली ती तिच्याभोवती उभ्या असलेल्या चार आधारांवर. बेळगावचाच इतिहास पाहावा. लक्ष्मणराव व रामूअण्णा या किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये या गावी सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर व पंप यांमुळे देशभर झालेल्या उद्योगाचा आरंभ या दुकानात आहे. त्या काळी सायकल ही दुर्मिळ व महाग वस्तू होती. ती विकणाऱ्याला ती दुरुस्त करून देण्याचीही जबाबदारी घ्यावी लागे, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक येत नसे. नंतर सायकल स्वस्त झाली, १९५० च्या दशकात सोनीपत, लुधियाना आदी ठिकाणचे कारखाने ती मोठ्या प्रमाणावर बनवू लागले, आणि गावोगावी भाड्याच्या सायकलींची दुकाने निघाली. तासाच्या दराने सायकल घ्यावी, दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारीत मैदानाला चकरा माराव्यात, गुडघे फोडून घ्यावेत आणि घड्याळाकडे पाहत धापा टाकीत सायकल परत करावी, असे मराठी मुलुखातील दोन पिढ्यांचे सायकल-शिक्षण झाले. ही दुकाने म्हणजे सायकलीच्या विनाअनुदान शाळाच होत्या.

दुसरा आधार नाक्यावरील दुरुस्तीवाल्याचा. त्याच्यापाशी पाण्याची परात, पंप, पाना आणि सोल्यूशनची नळी असे. तिसरा आधार म्हणजे स्टँड: टपाल कचेरी, सिनेमागृह, रेल्वे स्थानक, कारखाना, सगळीकडे सायकल लावण्याची हक्काची जागा होती. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत व त्याबद्दल बिल्ला देत. तो कर लोकांस जाचे खरा. पण ज्या वाहनावर कर घेतला त्याची दखल नगरपालिकेस घ्यावी लागे, हेही तितकेच खरे. चौथा आधार होता खुद्द रस्ता. बैलगाडी, टांगा व सायकल एकाच रस्त्याने जात आणि त्यांच्या वेगांत जीवघेणा फरक नव्हता.

हे चार आधार एकेक करून गेले. १९७२ मध्ये लुना बाजारात आली. पाठोपाठ आलेल्या स्कूटरी व मोटारसायकली कामगार, शिक्षक व दूधवाले यांनी घेतल्या, यात त्यांचे काही चुकले नाही. परंतु वेगवान वाहने वाढली तसे रस्ते त्यांच्याच सोयीने रुंद झाले. जे पुणे सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई, तेथे सायकलस्वारास रस्त्याच्या कडेची वीतभर जागा उरली. नंतर त्या शहरात सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधण्यात आले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला. गेलेली सवय परत आणणे किती खर्चाचे असते, याचा तो दाखला आहे. खेड्यांनी ती सवय अजून पुरती गमावलेली नाही, तोच काळ विचार करण्यास योग्य आहे.

सवय मुद्दाम लावता येते हे तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवून दिले. तेथे १९९१ मध्ये अरिवोळी इयक्कम ही साक्षरतेची चळवळ सुरू झाली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा या चळवळीचाच एक भाग केला. कारण सरळ होते: वर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांना गावोगाव जायचे तर वाहन हवे, आणि बसची वाट पाहत बसलेल्या स्त्रीला पुरुषाच्या सोबतीची गरज लागते. साक्षरतेच्या वर्गाबरोबर मैदानावर सायकलीचे वर्ग भरू लागले. नुकतीच अक्षरे गिरविलेल्या स्त्रिया, खाणीत दगड फोडणाऱ्या मजुरणी, अंगणवाडी सेविका, गावच्या परिचारिका, शिक्षिका अशा सर्व थरांतील स्त्रिया शिकल्या, व शिकलेल्यांनी दुसऱ्यांना शिकविले. जिल्हा प्रशासनाने बँकांना सायकलीसाठी स्त्रियांस कर्ज देण्यास उद्युक्त केले.

पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीची हकीकत लिहून ठेविली आहे. एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, आणि दहा वर्षांखालील मुली सोडल्यास जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांपैकी हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक होते, अशी त्यांची नोंद आहे. तिच्यातील एक बारकावा फार बोलका आहे. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा स्त्रियांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते. कचेरीत बसून योजना आखणाऱ्यास हे कधी सुचले नसते. शेतमाल विकणे, पाणी आणणे, मुलाला पोहोचविणे ही कामे स्त्रिया एकाच फेरीत उरकू लागल्या. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. तो वेळ दिवसाकाठी तासाचा असो वा अर्ध्या तासाचा, ज्या स्त्रीचा दिवस पहाटे सुरू होऊन रात्री संपतो तिच्या दृष्टीने ती मोठी मिळकत होती. टिंगल आणि वाईट शेरे तिथेही झाले. ते थांबले याचे श्रेय कोणत्या भाषणाला देता येत नाही. सायकलवर इतक्या स्त्रिया दिसू लागल्या की शेरे मारणाऱ्यांचा उत्साहच सरला.

रस्त्याच्या बाबतीत उदाहरण घ्यावयाचे तर ते हॉलंडचे घ्यावे लागेल. आज त्या देशातील चौथ्या हिश्श्याहून अधिक प्रवासफेऱ्या सायकलीवर होतात. पुष्कळांची समजूत अशी की तो देश सपाट व श्रीमंत असल्यामुळे सायकल तेथे आपोआपच टिकली. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली घटल्या. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली व त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आपली मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात लिहिले, आणि १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ या नावाची पालकांची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेविल्या, तेव्हा मोकळे रस्ते कसे दिसतात हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर वेगळे मार्ग, वस्तीतील कमी वेग व चौकांची नवी रचना ही कामे अनेक वर्षे चालली. मुलांच्या सुरक्षिततेची मागणी मुळाशी नसती, तर केवळ तेलाच्या बचतीसाठी एवढा खर्च कोणत्याही सरकारने केला असता असे वाटत नाही.

हॉलंडसारखे वेगळे मार्ग बांधणे आपल्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील नाही. पण त्यामागील तत्त्व स्वस्त आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ६० च्या वेगाने जाणारी मोटार ३० वर आणली तर धोका अर्ध्याहून कितीतरी कमी होतो. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन-तीन ठिकाणी, गावात शिरताना व शाळेच्या फाटकापाशी, वेग कमी करविणारे उंचवटे आणि फलक असले तरी पुष्कळ साधते. मात्र उंचवटा रंगविलेला असावा व दुरून दिसावा. अचानक आलेला उंचवटा सायकलस्वारालाच पाडतो. याहून महत्त्वाची गोष्ट रस्त्याच्या कडेची. डांबर आणि बाजूची माती यांत वीतभर खोल पायरी पडलेली असते. मागून ट्रक आला म्हणजे मुलगी त्या पायरीवरून खाली उतरते व तोल जातो. ही पायरी मुरूम टाकून, दाबून सपाट ठेवणे हे काम रस्त्याच्या अंदाजपत्रकात बाजूपट्टी म्हणून असतेच. ते पावसाळ्यापूर्वी झाले की नाही, हे ग्रामसभेत विचारण्यास कोणाची हरकत नसावी. कालव्याच्या, नाल्याच्या किंवा शेताच्या बांधाने जाणारी जुनी पायवाट कित्येकदा शाळेपर्यंत पोहोचते. ती मोकळी केली तर मुलांना मोठ्या रस्त्यावर जावेच लागत नाही.

दुरुस्तीची व्यवस्था शाळेतही होऊ शकते. पंक्चर काढणे हे काम आठवी-नववीच्या मुलामुलींना कार्यानुभवाच्या दोन तासांत शिकविता येते. ट्यूब काढून तीत हवा भरावी, पाण्यात धरावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी. जागा कोरडी करून पॉलिशपेपरने घासावी, सोल्यूशन लावावे, आणि ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मग ठिगळ दाबावे. बहुतेक ठिगळे निघतात ती या थांबण्याच्या घाईमुळे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना, हे पाहावे. बाभळीचा काटा टायरमध्येच असला तर दुसरे पंक्चर त्याच संध्याकाळी ठरलेले.

सीटची उंची हा विषय क्षुल्लक वाटतो, पण वाटपातील सायकली सहसा एकाच मापाच्या येतात आणि वर्गातील मुलींची उंची एकसारखी नसते. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय जवळजवळ सरळ होईल इतकी सीट वर असावी. नवशिक्या मुलीची सीट आरंभी थोडी खाली ठेवावी, म्हणजे दोन्ही पाय जमिनीस टेकतात व भीती जाते. सवय झाल्यावर ती वर केली नाही, तर गुडघे दुखतात आणि सायकल ‘जड’ असल्याची तक्रार सुरू होते. पुष्कळ वेळा जड असते ती चेन, जिला कित्येक महिन्यांत तेल मिळालेले नसते, किंवा चाकात हवा कमी असते. आठवड्यातून एकदा हवा व पंधरवड्यातून एकदा तेल, एवढे पुरते.

खानापूरच्या बाजूस किंवा गोव्यात, जेथे चढउतार आणि पाऊस दोन्ही भरपूर, तेथे ब्रेककडे विशेष लक्ष हवे. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते. उताराच्या आरंभापासूनच ब्रेक हलके दाबीत यावे व पुढचा ब्रेक एकाएकी आवळू नये, हे मुलांना सांगण्याऐवजी शाळेच्या आवारात पाणी शिंपडून दाखवावे. तीव्र चढावर उतरून सायकल हाताने नेण्यात कमीपणा नाही. गोव्यातील पदेर पावाची भली मोठी टोपली मागे बांधून, भोंगा वाजवीत, त्याच चढउतारांच्या वाड्यांतून पहाटे व संध्याकाळी सायकल फिरवीत आलेले आहेत. कोठे पायडल मारायचे आणि कोठे उतरायचे, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नसेल.

हिवाळ्यात शाळा सुटून मुली घरी पोहोचेतो अंधार पडतो. मागच्या मडगार्डवर लाल चकाकीची पट्टी व पुढे दिवा यांचा खर्च सायकलीच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ आहे, तरी वाटपाच्या सायकलीवर दिवा सहसा नसतो. शाळा समितीने वर्गणीतून पट्ट्या आणून एका दिवशी सर्व सायकलींवर लावून टाकाव्यात. ज्या मुलींची वाट एक, त्यांचे गट शिक्षकांनी वर्षारंभी ठरवून द्यावेत, व प्रत्येक गटात निदान एक मुलगी पंक्चर काढणारी असावी.

राहिला प्रश्न मानाचा. ज्या गावात सायकल केवळ गरिबाची समजली जाते, तेथे मुलगा नोकरीला लागताच ती टाकून देतो, आणि बहिणीलाही तिची लाज वाटू लागते. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, परिचारिका यांपैकी ज्यांचे घर दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे, ते आठवड्यातून काही दिवस जरी सायकलने आले, तरी स्टँडवरील सायकलींची गणना बदलू लागते. शाळेच्या आवारात मोटारसायकलीसाठी पत्र्याची शेड आणि मुलींच्या सायकली मात्र उन्हात, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी आहे. उन्हात ट्यूब व सीट लवकर खराब होतात, म्हणून सावली सायकलींना आधी मिळावी. शाळेचा पंप मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात कुलपाखाली न ठेविता साखळीने स्टँडच्याच खांबाला बांधावा, म्हणजे सकाळी हवा भरण्यास कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.